खोकलीचा वाफा

पौड, ता. मुळशी
गुरुवार, १९ सप्टेंबर १९५७

चि. मंजरीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. पाऊस आता नावापुरता पडतो, भात पोटरीला आलंय, आणि माझी प्रकृती माझ्याच औषधांना न जुमानता उत्तम आहे.

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. खोकला दोन महिने हटत नाही, छातीचा फोटो काढलाय, निकाल शनिवारी कळेल. आणि डॉक्टर विचारताहेत की आईला नेमकं काय झालं होतं, तर उलट टपाली कळवा. उलट टपाल म्हणजे काल. काल मी मांजरांत होतो. कळवतो, पण आधी मांजरांचं सांगून टाकतो, कारण सध्या या घरात दुसरा विषय नाही.

परसात विहिरीच्या कडेला मी श्रावणात तीन वाफे केले. एकात तुळस, एकात ओवा, मधल्यात खोकल्यावर देतात ती खोकली. माती चाळून, शेणखत घालून अशी मऊ केली की मांजरांना ती त्यांच्यासाठीच घातलेली गादी वाटली. मग गादीवर जे करतात ते केलंच, जे करू नये तेही केलं. दोन मांजरं शेजारच्या ताजबीची. तिसरा बोका मामलेदार कचेरीतला, त्यामुळे वागणूक सरकारी. येतो केव्हाही, उठतो मनात येईल तेव्हा, आणि हाकललं तर 'तुमचा अर्ज पाहू' अशा नजरेने बघतो.

मी वाफ्यावर करवंदीच्या काट्या पसरल्या. बोक्याने त्यांवर पाठ खाजवून घेतली. हिंगाचं पाणी शिंपडलं. वाफ्याला फोडणीचा वास सुटला आणि तिघांची भूक वाढली. शेवटी माझी जुनी बाराबंदी काठीवर चढवून बुजगावणं केलं. सकाळी बघतो तर ताजबीची पांढरी त्याच्या सावलीत पाय ताणून झोपलेली. ताजबी कुंपणावरून म्हणाली, "वैद्यबाबा, तुमच्यापरीस त्यो बुजगावना बरा. दिसतो तुमच्यावानी, पन वरडत न्हाई."

मांजर आणि उंदीर यांचा समास एकवचनात होतो, कारण त्यांचं वैर कायमचं, हे मी तुला सातव्या वर्षी घोकायला लावलं होतं. त्याच न्यायाने 'मार्जारवैद्यम्' हेही शुद्ध धरायला आता हरकत नसावी.

जरा उठून एक फेरी मारून आलो. बोका होताच.

तर काल सकाळी भिमाबाई हिरडे घेऊन आली. डोंगरवाडीची, तुला करवंदांचा द्रोण द्यायची ती. आता दात राहिले नाहीत, जीभ आहे. मी हातात काठी घेऊन वाफ्याशी उभा. तिने वाफा पाहिला, मला पाहिलं आणि पाटी खाली ठेवून हसत सुटली.

"वैद्यबाबा, तुमीच आवतान धाडलंया की त्येंना! खोकलीच्या मुळीला मांजार येडं व्हतं. लोळतंय, उकरतंय, खातंय. आमच्या वाडीवर शेंबड्या पोराला ठावं हाय. यवढ्या पोथ्या वाचल्या, त्यात मांजार न्हाई व्हय?"

खरंच नाही. खोकलीचे गुण पाठ, रस पाठ, अनुपान पाठ. मांजर कुठेच नाही.

"उपटून टाका," ती म्हणाली, "म्हंजी येनार न्हाईत."

मी वाकलो. रोप धरलं. आमच्याकडे खोकलीला हरितमंजरी म्हणतात, आणि त्यावरून मी तुला चिडवलं की तू दिवसभर अबोला धरायचीस. हात मागे घेतला.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो, "पोरीला खोकला आहे."

तिचं हसू गेलं. "कंच्या पोरीला? आपल्या मंजूला?" मग पाटी पुढे सरकवत, "वैनींच्या येळला बी मीच आनून दिली व्हती खोकली. पाटी भरभरून. काय झालं त्येचं?"

"आयुष्य सरलं होतं तिचं."

"आयुष्य न्हाई, वैद्यबाबा. पुन्याचा डाक्टर सांगून गेला, दवाखान्यात न्या. तुमी न्हाई म्हनला. वाडीवर समद्यांला ठावं व्हतं काय रोग हाय त्यो. तुमीच तेवढं नाव घेत नव्हता."

हिरडे ठेवून गेली. भाव केला नाही, मागे वळली नाही.

काल दिवसभर मी मांजरं हाकलली. आज सकाळीही. जी नव्हती तीसुद्धा हाकलली.

मंजरी, टपालाची पिशवी साडेतीनच्या एस.टी.ने जाते. आता पावणेतीन झाले आहेत.

तू बारा वर्षांची होतीस. शब्दाचा अर्थ विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही सवय मीच लावलेली. तू विचारलंस, "बाबा, आईला काय झालंय?" मी म्हणालो, "कास." "कास म्हणजे?" "खोकला." "मग आईचं ताट वेगळं का?"

मी तुला शब्द चालवायला बसवलं. कुठला ते आठवत नाही.

कास म्हणणं खोटं नव्हतं. त्या रोगात कास असतोच. अर्धा शब्द खरा होता, म्हणून तर तो आठ वर्षं टिकला. पुरता शब्द मला आजाराच्या सुरुवातीलाच, आषाढात, तिच्या नाडीत दिसला होता. वैद्याने नाव घेतलं की रोगी मनाने संपतो, असं मी शिकलो होतो. पण मी त्यासाठी गप्प बसलो नव्हतो. नाव घेतलं असतं तर तिला पुण्याला न्यावं लागलं असतं, आणि पौडच्या वैद्याची बायको डॉक्टरकडे गेली असं लोक म्हणाले असते. एवढंच. यापेक्षा मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

तू पुण्याला नर्सिंगला निघालीस तेव्हा मी म्हणालो, सुया टोचायला शिकतेस तर मग या घरी औषधाला येऊ नकोस. तू औषधाला आली नाहीस आणि सणालाही. मला वाटत होतं तू माझ्या काढ्यांवर रुसलीस. ते ताट तुझ्या ध्यानात असेल, हे माझ्या मनात येऊनही मी येऊ दिलं नाही.

आणखी एक. ताट वेगळं केलं, पण तुझं अंथरूण वेगळं केलं नाही. ते हलवलं असतं तर तू कारण विचारलं असतंस. आठ महिने तू तिच्या कुशीत निजलीस, आणि मी दाराशी उभा राहून बघत होतो.

तर डॉक्टरांना सांग: आईला राजयक्ष्मा होता. क्षय. त्यांच्या भाषेत टी.बी. थुंकीतून रक्त पडत होतं. मुलगी आठ महिने शेजारी झोपत होती. वडील वैद्य होते, त्यांना माहीत होतं. यातलं एकही वाक्य मऊ करून सांगू नकोस.

शनिवारी जे निघेल ते निघेल. डॉक्टर जी सुई सांगतील ती घे, सांगतील तितके महिने घे. एक दिवस चुकवू नकोस. श्रावणात मी पाठवलेलं चूर्ण उरलं असेल तर टाकून दे. हे तुला वैद्य सांगतोय.

मी शनिवारी पहिल्या गाडीने निघतो. तुझ्या मेट्रनबाई आत सोडतील की नाही ठाऊक नाही, फाटकाशी बसेन. तुला भेटायचं नसलं तर निरोप पाठव, तेही रास्त आहे. पण निकाल काय तो कुणाकडून तरी बाहेर कळव.

हे पत्र डॉक्टरांना दाखव. मांजरांची पानं काढून ठेवलीस तरी चालेल. त्यांना साक्ष म्हणून उपयोगी पडावं यासाठी खाली पूर्ण सही करतो.

दामोदर हरी वैशंपायन
वैद्य, पौड
मंजरीचे वडील