कोंडवाड्याच्या जागेची हरकत

माळगल्ली,
दि. १४ सप्टेंबर २०२५

विजयमाला बाईंना,
सुलाबाईचा नमस्कार, आणि तुमच्या रीतीनं जयभीम.

पाकीट हातात घेऊन तुमी आधी उलटंसुलटं करून बघाल, कुणाचं म्हणून. माझंच हाय. पलूसचा पत्ता राहीबाईकडनं घेतला. फोनच करणार होते. दोनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. फोनवर तुमी "असू दे गं सुला" म्हणून विषय मिटवता, आणि ह्या वेळी मला तो मिटवून घ्यायचा न्हाई. कागदावर तुमाला मधी बोलता येत न्हाई, हे बरं हाय.

इकडं सगळी बरी हायत. मालकांचा गुडघा होता तसाच हाय, चालू नका म्हटलं की मुद्दाम पारापर्यंत जाऊन येतात. राजनंदिनी पेट्रोल पंपावर लागली. निळा शर्ट घालून जाते. मला आधी कसंतरी वाटलं, आता वाटत न्हाई. जावई दिवाळीला सुट्टीवर येणार, फौजेतनं सुट्टी मिळाली तर. साईराज दोन वर्षांचा झाला आणि घरातली एक वस्तू जागेवर राहू देत न्हाई. परवा त्यानं माझ्या शेवयाच्या मशीनमधी चमचा घातला. चमचा गेला, मशीन वाचली. नातवाला एक धपाटा दिला आणि नंतर मीच डोळं पुसत बसले. तुमी कशा हाय? कपिल आणि सूनबाई नीट बघतात ना? न्हाई बघत तर सांगा, मी येऊन बोलते.

आता मुख्य बातमी. कोंडवाड्याची खोली रंगवून झाली. फरशी बसली, खिडक्यांना जाळी लागली, बाहेर नळ बसवला. नळ बसवला तो मोठ्या माणसाच्या छातीएवढा. मी जाऊन मुकादमाला म्हटलं, इथं हात धुणारी माणसं गुडघ्याएवढी असणार, नळ खाली घे. तो म्हणाला, नकाशात असाच हाय. मी म्हटलं, मग नकाशा काढणाऱ्याला बोलव आणि गुडघ्यावर बसवून हात धुवायला लाव. दोन दिवसांनी नळ खाली आला.

पाळणाघर झालं बाई. तुमी मागितलेलं.

म्हणून आभार मानायला हे पत्र लिहितीय. मला आभार मानायची सवय न्हाई, तुमाला ठाऊक हाय. तवा आधी सगळं सांगते आणि मग मानते.

हळदीकुंकवाचं तुमाला ऐकूनच माहीत. तुमी तिथं नव्हता. तुमाला बोलावत न्हाईत, हे इतकी वर्षं मला दिसलंसुद्धा न्हाई, आता दिसतं. नगरपंचायतीनं भिंतीवर कागद लावला होता, की कोंडवाड्याच्या पडीक जागेवर पाळणाघर करायचं हाय, कुणाची हरकत-सूचना असंल तर महिन्याच्या आत लिहून द्या. तुमी चार पानं सूचना लिहून दिली. आणि आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकानं, विश्वजितनं, त्याच महिन्यात बायकोच्या नावानं हळदीकुंकू ठेवलं. दारात टेबल, टेबलावर कागद. सही करा आणि वाण म्हणून स्टीलचा डबा घ्या. बायांना वाटलं हजेरीचा कागद. कागद होता हरकतीचा. आमा महिलांना इथं पाळणाघर नको, दुकानाचे गाळे पाहिजेत, असं त्यात लिहिलेलं. एकेचाळीस सह्या झाल्या. सातवी माझी.

आमाला फसवलं, असं मी नंतर गल्लीभर सांगत फिरले. तुमच्या कानावर तसंच आलं असंल.

सुनावणीचा दिवस तुमी विसरला नसाल. तरी माझ्या खुर्चीवरनं तो कसा होता ते सांगते.

आमाला विश्वजितनं टेम्पोतनं नेलं. नगरपंचायत चार ढांगांवर, तरी टेम्पो. आमी पुढच्या रांगेत, तुमी मागं भिंतीला. चष्मेवाले मुख्याधिकारी आले आणि पहिल्यांदा तुमचं नाव घेतलं. तुमी उठला. चार पानं वाचाल असं वाटलं, पण ती घडी करून हातातच ठेवली. तुमी म्हणाला, "साहेब, मी तीस वर्षं या गावात अंगणवाडी चालवली. शेतात भांगलणीला जाताना बायका मुलांना खाटेच्या पायाला बांधून जायच्या. अशी मुलं मी सोडवली आहेत. आईला मी दोष देत नाही. तिच्याकडं दुसरं काही नव्हतं."

सगळ्या बाया एकमेकींकडं बघाय लागल्या, कुणाचं बोलतात म्हणून. तुमी कुणाकडंच बघितलं न्हाई. माझ्याकडं तर मुळीच न्हाई.

राजनंदिनीच्या डाव्या घोट्यावर तो वण अजून हाय. ती विचारते, मी म्हणते, लहानपणी पडली होतीस. लुगड्याचा काठ होता तो. मऊ असतो म्हणून मी काठ घेतला होता, पण ती दिवसभर ओढत बसायची. त्या दिवशी भांगलून आले तर खाट रिकामी. तशीच बोंबलत गल्लीत धावले. पोरगी तुमच्या सोप्यात दूध-भाकरी खात होती, घोट्याला तुमी खोबरेल लावलेलं. तुमी मला एक शब्द बोलला न्हाई. "उद्या इकडंच सोडून जा," एवढंच. घरी सासू म्हणाली, त्यांच्या घरातलं खाल्लं पोरीनं. मी म्हटलं, मग उद्यापासनं तुमी सांभाळा. पुढं तीन वर्षं पोरगी दिवसभर तुमच्याकडं राहिली, अंगणवाडी सुटल्यावर बी.

आणि त्याच सोप्यात संध्याकाळी पोरीला न्यायला आले की तुमी मला पाटीवर अक्षरं गिरवायला बसवायचा. सही चार दिवसांत आली. वाचायला वर्ष गेलं. पहिल्यांदा एसटीवरची पाटी वाचली, वडूज. मी चढायचं सोडून वाचतच उभी राहिले आणि कंडक्टर ओरडला. तुमी ते साऱ्या गल्लीला सांगत सुटला. माझ्या सगळ्या वर्गात सुला हुशार, म्हणायचा. मी वरवर चिडायचे. लय गोड लागायचं ते.

तर सुनावणी. तुमच्यानंतर सह्यावाल्यांचा नंबर. राहीबाई म्हणाली, "साहेब, मी डब्यासाठी सही केली. आणि त्याचं झाकण बी बसत न्हाई." सगळी हसली, साहेबसुद्धा. मग एकेक बाई तेच म्हणाय लागली, आमाला काय ठाऊक, हजेरी वाटली. विश्वजित उठला आणि माझ्याकडं बोट करून म्हणाला, "साहेब, बाकीच्यांचं सोडा. ह्या सुलाबाई. ह्यांना वाचता येतं. ह्यांनी वाचून सही केली. ह्यांना विचारा."

बाई, तो खरं बोलत होता.

हे एवढं लिहायला मला चार दिवस लागले. मी तो कागद वाचला होता. टेबलाशी उभी राहून, पहिल्या ओळीपासनं. पाळणाघर. जोडाक्षर न्हाई, काही न्हाई, सोपा शब्द. त्याच्यापुढचं नको बी वाचलं. आठ दिवस आधी विश्वजित घरी येऊन चहा पिऊन गेला होता. काकी, गाळे झाले की रस्त्याच्या तोंडाचा पहिला गाळा तुमच्या मशीनला, असं म्हणाला होता. मी मनातल्या मनात पाटीसुद्धा रंगवली होती. घरातल्या शेवयांच्या पिठानं मालकांना खोकला येतो, मशीन बाहेर गेली तर बरं, असं मी स्वतःला सांगितलं. आणि राजनंदिनी आता मोठी झाली, मला पाळणाघर कशाला पाहिजे, हे बी सांगितलं. साईराज तवा माझ्याच कडेवर होता.

तुमी शिकवलेलं वाचलं आणि तुमी शिकवलेली सही तुमच्या विरोधात केली. बास. लिहिलं.

साहेबांनी विचारलं, "मावशी, वाचून सही केली का?" व्हय म्हणावं तर हरकत खरी ठरणार आणि ती जागा गाळ्यांना जाणार. न्हाई म्हणावं तर विश्वजित कागद पुढं करून वाचून दाखवा म्हणणार. मला कवा बोलायची अडचण पडली न्हाई, सगळ्या गल्लीला माझ्या तोंडाचा वैताग हाय. त्या दिवशी मी साहेबांच्या चष्म्याकडं बघत राहिले. आणि मागनं तुमचा आवाज आला.

"साहेब, तिला सहीपुरतं येतं. वाचता येत नाही. मीच शिकवत होते. जमलं नाही तिला."

शिकवणारीच म्हणाल्यावर विश्वजित काय बोलणार? तो खाली बसला. साहेब मला म्हणाले, "खरं का?" मी मान हलवली. हरकत निकाली निघाली, पाळणाघर मंजूर झालं. उठताना बायांनी मला बाजूला जागा करून दिली, बिचारीनं इतकी वर्षं वाचायचं नुसतं सोंग केलं म्हणून. त्यातली एक मला जिन्याच्या पायऱ्या हात धरून उतरवाय लागली. जसं काय मला दिसतच न्हाई.

मी घरी आले ती पेटून. तुमी मला वाचवलं, हे डोक्यात आलंच न्हाई. चारचौघांत मला अडाणी केलं, एवढंच आलं. महिनाभर तुमच्या दारावरनं गेले न्हाई, मागच्या बोळानं गेले. कपिल टेम्पो घेऊन आला, तुमचं सामान चढलं, ते मी दाराच्या फटीतनं बघत होते. तुमी टेम्पोत बसायच्या आधी माझ्या दाराकडं बघून थांबला. पाटी काखेत होती तुमच्या, जुनी. मी कडी काढली न्हाई.

आता मागच्या सोमवारचं ऐका. पाळणाघरात नावं घ्यायला लागले. राजनंदिनी कामावर, म्हणून साईराजचं नाव द्यायला मी गेले. क्लार्कनं फॉर्म भरला, मी सहीला पेन मागितलं. क्लार्क म्हणाला, "मावशी, पेन नाही. तुमचं सुनावणीत झालंय ना. आता साहेबांनी नियम केलाय, ज्याला वाचता येत नाही त्याची सही घ्यायची नाही. कागद वाचून दाखवायचा आणि अंगठा घ्यायचा." चांगला नियम हाय. माझ्यासारखीमुळंच झाला. त्यानं फॉर्म भराभरा वाचून दाखवला आणि मधली एक ओळ गाळली, मुलाला घ्यायला कोण येणार ती. मी म्हटलं, "ती ओळ राहिली." तो चष्म्यावरनं माझ्याकडं बघाय लागला. मी म्हटलं, "तिथं तुझं बोट सरकलं पुढं, म्हणून म्हटलं."

मग त्यानं शाईची डबी पुढं सरकवली. पंचवीस वर्षांनी मी अंगठा दिला.

शाई दोन दिवस निघाली न्हाई. साबणानं घासली, राखेनं घासली. घासता घासता रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मधीच राग गेला. मला एका अंगठ्याचं एवढं लागलं. आणि तुमी? कुठल्याही पोराला, कुठल्याही बाईला तुमी कवा म्हणाला न्हाई की जमलं नाही. येईल गं, येईल, हेच तुमचं. त्या दिवशी सगळ्या गावापुढं तुमी तुमचंच शिकवणं वाया गेलं म्हणून सांगितलं, आणि ते बी माझ्या नावानं. मी दार लावून बसले आणि तुमी गाव सोडून गेला.

ते तुमी पाळणाघरासाठी बोलला का माझ्यासाठी, हे मी विचारणार न्हाई. पाळणाघरासाठी बोलला असाल तरी मला चालंल.

तर आभार. राजनंदिनीची गाठ सोडली त्याचे. तिला ती गाठ कवा सांगितली न्हाई त्याचे. वडूजच्या पाटीचे. आणि "जमलं नाही तिला" ह्याचे सगळ्यात जास्त. माझ्या आईनं बी माझ्यासाठी एवढं झाकलं नसतं.

गावात मी आता अडाणीच राहणार. राहू दे. पेपर दार लावून वाचते. साईराजला गोष्टीचं पुस्तक हळू आवाजात वाचून दाखवते, तो बी कान माझ्या तोंडाला लावून ऐकतो, त्याला वाटतं गोष्टी अशाच सांगतात. राजनंदिनीला मात्र वणाचं खरं सांगितलं, काल. ती घोटा चोळत बसली आणि म्हणाली, विजयमाला आजींना कवा बोलवायचं?

म्हणून बोलावते. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी, बावीस तारखेला, सकाळी दहाला पाळणाघर सुरू होणार. फीत विश्वजित कापणार, तोच आता सगळ्यांना पाळणाघर माझंच म्हणून सांगतो. कापू दे. साईराजला आत तुमी न्यायचं. कडेवर घेऊन न्हाई, तो जड झालाय आणि तुमची कंबर दुखते, हात धरून न्यायचं. कपिलला म्हणावं, आदल्या दिवशी गाडीत बसवून दे. उतरायचं माझ्याकडं, जेवायचं माझ्याकडं. दाराला कडी नसंल.

पाटी घेऊन या. जोडाक्षरं माझी अजून कच्ची हायत, ह्या पत्रात तुमाला दिसलीच असतील.

हे पत्र जपून ठेवा. फाडायचं असंल तर फाडा, साहेबांना दाखवायचं असंल तर दाखवा, माझी ना न्हाई. त्यात काय लिहिलंय ते मला ठाऊक हाय. मी स्वतः लिहिलं, दोनदा वाचलं, आणि मग खाली सही केली.

तुमच्या वर्गातली,
सुलाबाई धोंडिराम फडतरे