नेटच्या कपाटाची चावी

४ तारीख, मंगळवार
हॉस्पिटलमधून घरी. गुडघ्याचं लिगामेंट नवीन बसवलंय. (शटल लाइनबाहेर होतं हे पटवून द्यायला उडी मारली, तेव्हा जुनं तुटलं. शटल बाहेरच होतं.) ताईचा फोन. राहायला येते म्हणाली. नको म्हटलं. बॅडमिंटनची मंडळी रोज येऊन बसणार, तुला बसायला जागा उरायची नाही. बरं म्हणाली. टॅक्सीवाल्याकडून बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या मांडून घेतल्या.

५ तारीख
कोणी नाही. साहजिक आहे, पेशंटला आराम द्यायचा असतो. शिवाय क्लबातल्या नेटच्या कपाटाची एकुलती एक चावी माझ्याकडे. नेटशिवाय काय कपाळ खेळणार? येतील उद्या झक मारत. चावी लगेच द्यायची नाही. आधी चहा, मग माझी चौकशी, मग चावी.

७ तारीख
फिजिओबाई आल्या. गुडघा वाकवला. मी हूं की चूं केलं नाही. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली, पण ते खिळा मारत असतील.
पाय खुर्चीवर ठेवून बसत जा, म्हणाल्या. म्हटलं, खुर्च्या पाहुण्यांच्या आहेत. कुठले पाहुणे, म्हणाल्या. बाई जरा खोचक आहेत.
संकल्प: रोज तीनदा व्यायाम. महिनाभरात कोर्टवर.

१० तारीख
व्यायाम राहिला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचं असतं. टॉवेल ओला होता.
दुपारी बेल! आलो आलो ओरडत, शर्ट बदलून, वॉकर ढकलत दार गाठलं. चावी खिशात. कुरियरवाला. पार्सल शेजाऱ्यांचं. त्याला म्हटलं, बसा की. घाईत होता बिचारा.

१३ तारीख, सकाळ
डावखुऱ्याला मेसेज टाकला. इतकी वर्षं डबल्सचा पार्टनर माझा. चावी सुरक्षित आहे, काळजी नसावी, असं लिहिलं. उत्तरात नुसता अंगठा. शब्द सुचले नसणार. हळवा आहे तो.

१४ तारीख
खुर्च्या पुसल्या. घर खायला उठतं म्हणतात लोक. मला नाही बुवा तसं काही होत. टीव्ही आणि रेडिओ एकदम लावून ठेवलेत, एवढंच. चार माणसं बोलतायत असं वाटतं.

१७ तारीख
फिजिओबाई म्हणाल्या, गुडघा जिथल्या तिथे, व्यायाम करता ना? म्हटलं, मनापासून. टॉवेलला हात लावून बघितला त्यांनी. घडीसुद्धा मोडली नव्हती.

१८ तारीख, संध्याकाळ
शेवटी मीच डावखुऱ्याला फोन केला. मागे शटलचा टपटप आवाज. विचारलं, नेटशिवायच खेळताय की काय? म्हणाला, छे रे, कुलूप दुसऱ्याच दिवशी तोडलं. नवी चावी तुझ्या जागी खेळतो त्याच्याकडे असते. भला माणूस आहे, लाइनवरून भांडत नाही. चल, माझी सर्व्हिस आहे, म्हणाला.
चावी हातातच होती. रडू आलं. गुडघ्यामुळे नाही.

रात्री
ताईला फोन केला. म्हटलं, येतेस का? तिने विचारलं, बसायला जागा आहे का रे?
म्हटलं, आहे. एका खुर्चीवर माझा पाय आहे. बाकीच्या तीन रिकाम्याच आहेत.