सदतीसपैकी तीन

४ फेब्रुवारी

प्रिय छोटीस,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून दिलं असशील, तर हे वाक्य वाया गेलं. फोडलं असशील, तर आभार.

इकडे सगळं ठीक. दुकान चालू आहे. सकाळी दहापासून स्टुलावर बसायचं, भिंगं घासायची, फ्रेमीत बसवायची, गिऱ्हाईक म्हणालं “जवळचं दिसतंय पण लांबचं नाही”, की पुन्हा काढायची. तीस वर्षं हेच केल्यावर कमरेने बंड पुकारलं. मागच्या महिन्यात खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो. तुझी वहिनी म्हणाली, “आता तसेच राहा, निदान पायाकडे बघून तरी चालाल.”

डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. जमलं तर पोहायला शिका. मी म्हटलं, गोळ्या द्या. ते म्हणाले, गोळ्या देतो, पण तलावावर जा.

तर सांगायची गोष्ट ही, की तुझा दादा वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तरण तलावावर जातो. हस, मला ऐकू येत नाही. आमच्या वर्गात एक निवृत्त बस ड्रायव्हर आहेत, एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, आणि मी. शिकवणारी मुलगी तुझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असेल. ती काठावर उभी राहून ओरडते, “काका, श्वास सोडा! धरून ठेवू नका!” रबरी टोपी घातली की मी सोललेल्या बटाट्यासारखा दिसतो. पाणी कमरेइतकं, तरी मी कठडा धरून असतो. ड्रायव्हरसाहेब दुसऱ्याच आठवड्यात कठडा सोडून सुटले. मी अजून तिथेच.

एक सांगतो, कुणाला बोलू नकोस. मला आवडतं. सकाळी साडेसहाला उठून मी आपण होऊन पिशवी भरतो. वहिनी संशयाने बघते.

तू रोज शंभर जणांना पोहायला शिकवतेस, म्हणून विचारतो: पाणी नाकात जातं त्याला काय करावं? आमच्या त्या शिकवणाऱ्या मुलीला विचारायची लाज वाटते.

आणखी एक. आपल्या विज्ञानकथा मंडळाला यंदा पंचवीस वर्षं होतात. त्याच्या मासिकाचा मी अजून संपादक आहे, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही. विशेष अंक निघणार आहे आणि जुन्या अंकांतलं काय काय पुन्हा छापावं यावर सगळ्यांची मतं घेतली. सर्वांत जास्त मतं त्या ‘विज्ञानकथा वाचणाऱ्यांना खेळ आणि व्यायाम आवडतो का?’ या पानाला पडली. ते पान तुझ्या लक्षात असेलच. मी अजून काही ठरवलेलं नाही.

घरच्यांना नमस्कार. कंबर सांभाळून,

दादा

•

१९ फेब्रुवारी

प्रिय छोटीस,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तीन ओळी आहेत, मला पाठ झाल्या. “नाकाने सतत हवा सोडत राहा, म्हणजे पाणी आत येत नाही. कठडा सोड. त्या पानाबद्दल मला का विचारतोस?”

पहिली सूचना पाळली, उपयोग झाला. दुसरीचा प्रयत्न चालू आहे. तिसऱ्या ओळीचं उत्तर द्यायला आज बसलोय. दोन कागद फाडून झाले.

तुला का विचारतो, ते तुला ठाऊक आहे. तरी मी लिहितो, कारण इतकी वर्षं मी ते लिहिलेलं नाही.

प्रश्नावलीची कल्पना मास्तरांची. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्यांना कशाचाही तक्ता करायला आवडायचं. प्रत्येकाने नाव न घालता उत्तर लिहायचं आणि वाचनालयाच्या माडीवरच्या त्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचं. मी मोजायचं आणि छापायचं. मी छापलं: सदतीस जणांपैकी तिघांना व्यायाम आवडतो. उरलेल्या चौतीस जणांचं डोकं पळतं, त्यामुळे पायांना विश्रांती लागते. आणि खाली चौकटीत ते दुसरं वाक्य: “एका उत्तरात म्हटलं आहे की पाण्यात शिरलं की शरीराचं वजन नाहीसं होतं. डोक्यात आधीपासूनच काही वजन नव्हतं, हे संपादकांच्या वतीने.”

महिन्याच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. औषधांच्या दुकानाचा मालक तर डोळे पुसत होता. नाव नव्हतं म्हणे! तुझे केस अजून ओले होते. तू दर वेळी तलावावरून सरळ बैठकीला यायचीस, हे माडीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. तूही हसलीस थोडी. मग पिशवी उचलून गेलीस आणि पुन्हा आली नाहीस.

तू मंडळ सोडलंस ते सोडलंसच, पण आठ वर्षांपूर्वी मामींकडे भेटलो, तेव्हा मामींच्या नातीने तुला काहीतरी यानांचं, ग्रहांचं पुस्तक दाखवलं आणि तू म्हणालीस, “मी असलं वाचत नाही आता.” मी दारात चहाचा कप घेऊन उभा होतो. छोटे, तू सात वर्षांची असताना मी तुला वाचायला शिकवलेली पहिली गोष्ट मला आठवते. चंद्रावर हरवलेल्या कुत्र्याची होती. तू ती सगळ्या घराला वाचून दाखवत फिरायचीस. ती मुलगी म्हणते, असलं वाचत नाही. आणि ते माझ्यामुळे.

हे तुला माहीत असलेलं झालं. आता माहीत नसलेलं.

तीन हा आकडा खोटा होता. डब्यातली उत्तरं मी घरी आणून मोजली, तेव्हा सदतीसपैकी बावीस ‘आवडतो’ निघाले. बावीस! मी तीनदा मोजले. आपली बँकेतली ताई सायकलवर घाट चढायची. औषधवाला, तोच डोळे पुसणारा, आठवड्यातून तीन दिवस बॅडमिंटन खेळायचा. त्याने एक अख्खा कागद भरून लिहिलं होतं. मास्तर रोज शंभर बैठका काढायचे. नावं नव्हती, पण अक्षर ओळखायला मला चष्मा लागत नाही.

मी ते दाबलं. थट्टा म्हणून नाही. शुद्धीवर राहून, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, आकडा बदलून लिहिला. एक लिहिला असता तर सगळ्यांनी वळून तुझ्याचकडे बघितलं असतं, म्हणून तीन लिहिला. एवढीच माझी माया.

का, ते सांगतो. शाळेच्या मैदानावर संघ निवडताना मी शेवटचा उरायचो. कधी कधी दोन्ही कप्तान म्हणायचे, “तुम्ही घ्या, आम्हाला एक कमी चालेल.” तू माझ्यानंतर सात वर्षांनी त्याच शाळेत गेलीस आणि तीच गत झाली. घरी येऊन आपण दोघं पलंगाखाली पुस्तकं घेऊन बसायचो. मला वाटायचं, ही आपली जागा. इथे पळणाऱ्यांना प्रवेश नाही. मोठेपणी मंडळ काढलं तेही त्याचसाठी, आता कळतं. आणि मग तू एक दिवस तलावावर गेलीस आणि परत आलीस ती उजळून. पुस्तकांवरचं प्रेम तसंच, शिवाय पोहणं. म्हणजे दोन्ही जमतं. म्हणजे मला जे जमलं नाही, त्याला पुस्तकांचा दोष नव्हता. मी नुसता घाबरट होतो. हे मला तुझ्या चेहऱ्यावर दिसायचं आणि सहन व्हायचं नाही.

ती सदतीस उत्तरं मी फेकली नाहीत. दुकानात जुन्या फ्रेमींच्या खोक्यात आहेत. फेकवली नाहीत, एवढंच.

येत्या रविवारी बैठक आहे. मी खरा आकडा सांगणार आहे. पाचावर धारण बसली आहे, पण सांगणार.

दादा

•

२ मार्च

प्रिय छोटीस,

तुझं उत्तर आलं नाही. यायलाच हवं असं नाही. तरी झालं ते तुला कळावं म्हणून लिहितो.

रविवारी चौदा जण आले. पूर्वी चाळीस यायचे. आता इतकेच उरलो. मी उभा राहिलो आणि खोक्यातून कागद काढून म्हटलं, “ते पान पुन्हा छापता येणार नाही. ते खोटं आहे.” मग बावीस उत्तरं एकेक करून वाचली. अक्षरं ओळखू येत होती, पण नाव कुणाचं घेतलं नाही.

मग औषधवाला म्हणाला, “म्हणजे ते तिघं... मी त्या तिघांतला नव्हतो?”

बँकेतली ताई म्हणाली, “तुम्ही कसे असाल? त्या तिघांतली मी होते.”

मग मागून कुणीतरी म्हणालं, “मी पण.” कळलं ते असं: तिथे आलेल्यांतले बरेचजण अकरा वर्षं स्वतःला त्या तिघांतलं एक समजत होते. औषधवाला रॅकेट दुकानाच्या मागच्या फडताळात, सर्दीच्या औषधांच्या खोक्यामागे ठेवायचा. मंडळातलं कुणी दिसलं तर ताई सायकल गल्लीत वळवायची. दोघंजण सकाळी एकाच बागेत पळायचे आणि समोरासमोर आले की बुटाची नाडी बांधायला वाकायचे, ओळख नको म्हणून. मास्तर सांगत होते आणि हसत होते. मग हसायचे थांबले आणि मला म्हणाले, “अरे, पण आपल्या छोटीला आपण सगळे हसलो. मीसुद्धा. घरी बैठका काढणारा मी.”

औषधवाला उठून खिडकीपाशी गेला. मला वाटलं होतं, माझ्यावर ओरडतील. ताई तेवढी ओरडली. म्हणाली, “ती एकटी खरं वागत होती आणि तिलाच तुम्ही घालवलंत.” बरोबर बोलली. मी संपादकपद सोडलं. विशेष अंकात ते पान खऱ्या आकड्यासह, माझ्या कबुलीसह, तुझं नाव न घेता येईल. ताई करणार आहे अंक. तू आलीस तर सगळ्यांना तुझ्याशी बोलायचं आहे. तुला पत्र लिहू का, असं मास्तर विचारत होते. मी म्हटलं, आधी मला लिहू द्या, माझं संपलेलं नाही.

कारण बैठकीत मी एकवीसच उत्तरं वाचली. वर बावीस लिहिलं, तेही खरं नाही. बघ, सवय जात नाही. बाविसावा कागद माझ्या खिशात होता. तुझा.

ती थट्टा झाल्यावर दुसऱ्या दिवशी तू दुकानात आली होतीस. गिऱ्हाईक होतं, म्हणून बाजूला उभी राहिलीस. ते गेल्यावर तू एवढंच विचारलंस, “दादा, माझ्या कागदाची मागची बाजू बघितलीस का?” मी हातातलं भिंग दिव्याकडे धरून म्हटलं, “मागे काही होतं का? मी पुढचंच वाचलं.” तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग “काही नाही” म्हणून गेलीस. त्यानंतर आपण बोललो नाही.

मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं. तेच आता तुला लिहून पाठवतो, एक अक्षर न बदलता:

“दादा, हे छापू नकोस, हे तुला आहे. पाण्यात गेलं की आपण लहानपणी वाचायचो ना, यानात सगळे तरंगतात, अगदी तस्संच होतं. मला तिथे दर वेळी तुझी आठवण येते. तू ये. रविवारी सकाळी उथळ बाजूला कुणी नसतं, कुणी हसणार नाही. मी तुझा हात धरून उभी राहीन. जमलं नाही तर आपण नुसते उभे राहू.”

मी ते वाचलं होतं, छोटे. छापायच्या आधी वाचलं होतं. वाचून टॉवेल शोधला होता, पिशवीतही टाकला होता. रविवारी सकाळी दारापर्यंत गेलो, आणि परत येऊन टेबलाशी बसून ते चौकटीतलं वाक्य लिहिलं.

मला यायचं होतं.

तुझा हात न धरलेला,
तुझाच दादा