दोन बोटं माया

प्रिय खारूताई,

पाकिटावरचा पत्ता बघून दचकली असशील. दचक हवं तर, पण पत्र खाली ठेवू नकोस. त्या पत्त्याचं काय ते मी शेवटी सांगणार आहे. मधलं सोडून शेवटाकडे उडी मारायची तुझी जुनी खोड मला ठाऊक आहे, म्हणून शेवटचं पान दुमडून चिकटपट्टीने बंद केलंय. सोबतचं पार्सलही आधी फोडायचं नाही. माझ्या दोन वर्षांच्या कष्टांची गोष्ट आहे, तेव्हा मुकाट्याने क्रमाने वाच.

तर आधी बातमी. तुझी आई पास झाली. नुसती पास नाही, सहा जणांत पहिली! बाकीचे पाच जण वीस-बावीस वर्षांचे, आणि मी एकावन्न पूर्ण. परवापासून मी घरात कॉलर ताठ करून फिरतेय आणि तुझे बाबा मला मॅडम म्हणून हाक मारतायत. तू विचारशील, कशात पास? शिवणकामात आता कसली परीक्षा? इथेच माझी पंचाईत आहे, कारण त्यासाठी मला आधी एक कबुली द्यावी लागणार.

खारू, मी दोन वर्षांत शिलाई मशीनवर कामाला बसलेलीच नाही. गणवेशांचा आमचा कारखाना बंद झाला हे तुला माहीत आहे. तेव्हा तू फोनवर रडत म्हणालीस की आई, मी नर्सिंग सोडते आणि कुठेतरी नोकरी धरते. मला इतका धसका बसला, की त्याच क्षणी तोंडातून निघून गेलं, अगं वेडी का काय, मला दुसऱ्या कारखान्यात काम मिळालंसुद्धा. असा कारखाना जगात नव्हता. पुढे तू विचारत गेलीस आणि मी त्या नसलेल्या कारखान्यात माणसं भरत गेले. ती सतत शिंकणारी सुपरवायझर आठवते? तिच्या शिंकांवर तू किती हसायचीस. ती माझ्या डोक्यातून निघाली. तिला मी गेल्या वर्षी निवृत्त केलं, कारण तिच्याबद्दल काय काय सांगितलंय ते माझ्या लक्षात राहीना.

खरं असं घडलं. काम गेल्यावर मी रोज सकाळी सवयीने तयार व्हायचे आणि जायला जागा नाही म्हणून मोठ्या सार्वजनिक बागेत जाऊन बसायचे. सव्वीस वर्षं भिंतीकडे तोंड करून शिवलेल्या बाईला समोर एवढं हिरवं बघायची सवय नसते. चौथ्या दिवशी फाटकावर कागद दिसला. उद्यानविद्या आणि बागांची आखणी, दोन वर्षांची शिकाऊ उमेदवारी, वयाची अट नाही. मी तो तीनदा वाचला. वयाची अट नाही हे त्यांनी बहुधा सहज लिहिलं असावं, कारण मी अर्ज घेऊन आत गेले तेव्हा खिडकीतल्या माणसाने मुलासाठी का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, मुलगी शिकतेय, हा तिच्या आईसाठी.

तुझ्या बाबांना घरी येऊन सांगितलं. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, कशाने पटकन हलत नाही. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, डबा लागेल तुला. तेव्हापासून डबा तेच करतात. पहिले दोन महिने त्यात मीठ नावाची वस्तू नव्हती, पण ते जाऊ दे.

आम्हाला शिकवणाऱ्या मुख्य माळ्याला सगळे ओळंबा म्हणतात. गवंड्याच्या दोरीला लोंबणाऱ्या वजनासारखा सरळसोट माणूस, आणि कुठेही अर्धा अंगुळ तिरकं असलं की त्याच्या डोळ्यांत खुपतं. पहिले तीन महिने त्याने आमच्याकडून कुंड्या धुऊन घेतल्या, माती चाळून घेतली आणि तण उपटून घेतलं. संध्याकाळी गुडघे बोलायला लागायचे. झाडांची नावं पाठ करायची, तीही दोन दोन, एक आपलं आणि एक शास्त्रातलं. पोरं फोनवर फोटो काढून पाठ करायची. मी जुन्या हिशोबाने प्रत्येक पानाला कापड ठरवलं. हे खरबरीत, म्हणजे गोणपाट. हे पोपलीन. हे आतून अस्तर लावलेलं. चाळीसपैकी अडतीस नावं बरोबर आली. आणि कुंपण छाटायची वेळ आली तेव्हा तर विचारूच नकोस. पोरं दोरी बांधून, पट्टी लावून कापत होती, आणि मी नुसत्या नजरेने बारा फूट सरळ कापत गेले. ओळंबा मागे उभा राहून बघत होता. त्याने पोरांची दोरी गुंडाळून खिशात घातली. पोरांनी त्याच दिवशी मला मावशी म्हणायला सुरुवात केली.

तू दोनदा घरी आलीस तेव्हा माझी जी तारांबळ उडाली! चिखलाचे बूट पाण्याच्या टाकीमागे लपवले होते. तू माझा हात धरून म्हणालीस, आई, नखं किती काळी पडलीत, आणि मी म्हटलं नवा साबण सोसला नाही. चेहरा रापलाय म्हणालीस तर म्हटलं गच्चीत बसते हल्ली. नर्स होणाऱ्या मुलीला हे पटलं याचंच मला नवल वाटलं. आता वाटतं, तूही तेव्हा स्वतःच्याच विचारात असशील.

आता जे सांगते ते बागेबाहेर बाबांशिवाय कुणाला माहीत नाही. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात मी नापास झाले. प्रत्येकाला बागेतल्या वाचनालयासमोरचा एकेक चौकोन दिला होता. जमीन सपाट करायची आणि तयार लॉनच्या गुंडाळ्या अंथरायच्या. सतरंजीसारख्या येतात त्या, खाली बोटभर माती आणि वर गवत. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, हे तर आपलं राज्य. प्रत्येक पट्टा मी चांगला ताणून घेतला, एक सुरकुती ठेवली नाही, कडेला कड अशी भिडवली की इस्त्री केलेलं कापड वाटावं. येणारेजाणारे थांबून बघत होते. मी मुद्दाम हळूहळू हात पुसत होते, म्हणजे हे कुणी केलं ते सगळ्यांना कळावं.

बाराव्या दिवशी तपासणी होती. मधे कडक ऊन पडलं होतं. सगळ्यांच्या चौकोनांत थोडंफार काहीतरी बिघडलं होतं, पण माझ्या चौकोनात प्रत्येक सांध्याला फट पडली होती. ताणलेली लॉन सुकताना आकसली आणि आखडून बसली. कडा पिवळ्या पडल्या. ओळंब्याने उकिडवं बसून फटीत बोट घातलं. बोट सरळ आत गेलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, बाई, तुम्ही इतकी वर्षं शिवणकाम केलंत, मग माया नाही ठेवलीत?

खारू, भर उन्हात अंगावर गार पाणी पडल्यासारखं झालं. तुला आठवतंय ना, तू फ्रॉक घालायचीस तेव्हा मी शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवायचे. त्याला आम्ही माया म्हणतो. पोर वाढली की उसवायचं, सैल करायचं. कोरं कापड आधी आटवून घ्या, माया ठेवा, हे मी कारखान्यात नव्या पोरींना ओरडून ओरडून शिकवलं. आणि तीच मी, गवताला कापड समजून ताणलं पण कापडासारखी माया काही ठेवली नाही. शिंप्याशिवाय कुणी ही चूक केली नसती. पोरांनी बिचाऱ्यांनी पट्टे कसेबसे ढकलून बसवले होते, म्हणून त्यांचे वाचले.

घरी आले, बूट दारातच फेकले आणि सांगून टाकलं की मी उद्यापासून जाणार नाही. या वयात नापास व्हायला मी कुणाचं काय घोडं मारलंय? स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. तुला फोन करावासा वाटला, पण काय सांगणार होते? तू तेव्हा परीक्षेच्या अभ्यासात होतीस. बाबा समजूत घालायला आले नाहीत. सकाळी उठले तर दारात बूट धुऊन, पॉलिश करून ठेवलेले, आणि शेजारी डबा. मी म्हटलं, मी जाणार नाही म्हटलं होतं ना. ते म्हणाले, नको जाऊस, बूट घाण होते म्हणून धुतले. मी बूट घातले.

पुढचे चार दिवस मी वाचनालयासमोर गुडघ्यांवर बसून चाळलेली माती आणि गवताचं बी त्या फटींत बोटाने भरत होते. काही दिवसांपूर्वी कौतुक करणारेच लोक आता शेजारून जात होते, आणि त्यांच्यापैकी एका आजोबांनी थांबून विचारलं, काय हरवलंय का? लाज वाटली. पण महिन्या-दीड महिन्यात फटी मिटत आल्या. सहा महिन्यांनी फेरपरीक्षा झाली. त्यात मी पास झाले, आणि त्या दिवशी ओळंब्याने पहिल्यांदा स्वतःच्या थर्मासमधला चहा मला दिला.

आणि आता शेवटची परीक्षा. हा भाग मी तीन वेळा लिहून काढला, कारण फार आनंद झालाय. या वेळी प्रत्येकाला पंधरा बाय पंधरा फुटांची जागा होती. आखणी आपली, पायवाट आपली, झाडं आपण निवडायची, आणि मधोमध मुद्दाम केलेला मातीचा गोल उंचवटा. त्यावर लॉन बसवायची. सपाट पट्टा गोल टेकाडावर बसतो का? पोरांचे पट्टे वर येऊन चुण्या पडत होत्या, नाहीतर खाली घसरत होते. मी उंचवट्याभोवती दोनदा चक्कर मारली आणि मला हसू आलं. अगं, सपाट कापड गोलाईवर बसवण्यातच माझा जन्म गेलाय! खडूने खुणा केल्या आणि सुरीने टक्स घातले, म्हणजे जास्तीची पाचर कापून कडा जुळवल्या. ब्लाऊजला घालतो तसेच, खाली रुंद, वर निमुळते. पट्टे अजिबात ताणले नाहीत. उलट प्रत्येक कडेला करंगळीएवढी माया ठेवली आणि हळूच आत ढकलून दाबून बसवली. सांधे विटांसारखे एकाआड एक घेतले.

निकाल तीन आठवड्यांनी होता, कारण लॉनचं खरं रूप लगेच कळत नाही. तीन आठवडे ऊन असं तापलं की काही विचारू नकोस. रोज पाणी घालताना मी एकेका सांध्यावर बोट फिरवून फट शोधायचे. सहांपैकी एकालाच कायमची जागा मिळणार होती आणि ती मला हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती. तपासणीच्या दिवशी ओळंबा आला, बूट-मोजे काढले आणि अनवाणी माझ्या उंचवट्यावर चढला. मग खाली बसून तळहात फिरवत राहिला. बराच वेळ. शेवटी मान वर करून म्हणाला, बाई, शिवण कुठंय? मी म्हटलं, आतून आहे. बाकीच्या पाच पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि एकाने तर शिट्टी मारली. फाटकापाशी तुझे बाबा उभे होते, त्यांनी स्टॉपवरून बस सोडताना करायचे तसा सवयीने हात वर केला. आता पूर्वेच्या फाटकाकडचा सगळा भाग माझ्या हाताखाली आहे. हिरवळीवर चालू नये अशी पाटी तिथे होती, ती मी पहिल्याच दिवशी काढून टाकली.

आता चिकटपट्टी काढ. माझ्या परीक्षेच्या आधी मी तुझ्यासाठी नवा पांढरा गणवेश शिवून वसतिगृहाच्या पत्त्यावर पाठवला होता. तो या आठवड्यात परत आला. वॉर्डनबाईंनी आत चिठ्ठी ठेवली होती, की तू प्रात्यक्षिकात नापास झालीस, चार महिन्यांपूर्वी खोली सोडलीस, आणि आता या पत्त्यावर राहून एका दुकानात काउंटरवर बसतेस. त्यांनी हेही लिहिलंय की फेरपरीक्षेचा अर्ज या महिनाअखेरपर्यंत भरता येतो आणि त्या तुझी वाट बघतायत. आणि तू मला काल फोनवर सांगितलंस की वॉर्डात फार धावपळ आहे आणि मेट्रन सारखी खोकत असते. त्या वॉर्डातल्या खोकणाऱ्या मेट्रनला लवकर निवृत्त कर, माझ्या अनुभवाचं सांगते. मी रागावलेली नाही, खारू. दोन वर्षं मी तुला फसवलं, चार महिने तू मला, फिट्टंफाट. फोनवर आपण दोघीही फार छान खोटं बोलतो, म्हणून कागद घेतला. आधी इथे ये. चपला काढ, माझ्या उंचवट्यावर चाल, आणि एक तरी सांधा शोधून दाखव. मग परत जा आणि तो अर्ज भर. तोच गणवेश पार्सलमध्ये आहे. हे चार महिने तू नीट जेवली असशील की नाही, वाळली आहेस की सुटली आहेस, मला काही कळायला मार्ग नाही. म्हणून काल तो उसवून पुन्हा शिवला. आत दोन्ही बाजूंनी दोन दोन बोटं माया ठेवली आहे.

तुझीच,
आई
(काल-परवापर्यंत शिकाऊ)