मंदाच्या हाताखाली आठवडाभर

३ फेब्रु., शनि.
नगरच्या वर्गाला जाऊन आले. शेवगावपासून एसटीत उभीच. 'ख्रिस्ती श्रद्धा, उद्योग आणि नेतृत्व'. नावानेच दमायला होतं. पन्नाशीला वही घेऊन बाकावर. आज प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो उतारा. सर म्हणाले, निबंध नको. आठवडाभर आपल्या हाताखालच्या माणसाच्या हाताखाली काम करा. त्याचा शब्द मोडायचा नाही.

५, सोम.
माझ्या मसाल्याच्या कामावर बाया चारच. मंदा सगळ्यांत जुनी. पाथर्डीकडची, आधी ऊसतोडीला जायची. तिला म्हटलं, आठवडाभर तू मालकीण. तिला थट्टा वाटली. मग म्हणाली, "बरं. मंग तुमी मिरच्यांची देठं काढा."
दिवसभर काढली. बोटांची आग आग.

६, मंगळ.
सकाळची प्रार्थना मी घेते. लांबते. आज मंदाने सगळ्यांना खाली बसवलं आणि मला थोडक्यात आटपायला सांगितलं. नंतर कळलं, दोघींचे गुडघे दुखतात. पाच वर्षं उभ्याच राहत होत्या. कुणी बोललं नाही. मी विचारलंही नाही.

७, बुध.
पुन्हा देठं. पाठ धरली.

८, गुरु.
सोनईच्या दुकानदाराचा माल आज जायचा होता. मंदाने मिरचीत हात घातला, सादळलीय म्हणाली. परत वाळवायची. दुकानदाराचा फोन मलाच आला, नको ते बोलला. मंदाला बाजूला घेऊन म्हटलं, भाजताना ओल जाईल, पाठवून देऊ. तिने नकाराची मान हलवली.
"दिवाळीच्या मालाला पन मी सांगितलं हुतं, ताई. तुमी ऐकलं न्हाई."
दिवाळीचा माल बुरशी धरून परत आला होता. मी हवेला दोष दिला. देवापुढेही तसंच मांडलं. ती बोलली होती हे मला आठवतच नाही. आठवत नाही, हेच तर...

१०, शनि.
वर्गात अहवाल वाचायचा होता. बुधवारपर्यंतचाच वाचला. सर म्हणाले, ही खरी नम्रता. टाळ्या. येताना खिडकी मिळाली, पण बाहेर बघवेना.

११, रवि.
उपासनेला गेले नाही. ह्यांना सांगितलं, अंग मोडून आलंय. तसं खोटं नाही.

१२, सोम.
मिरची कडक वाळली, भाजून कुटून सोनईचा माल गेला. मंदा आपल्या नेहमीच्या जागी, धण्यांपाशी. विचारते, आज काय करायचं? म्हटलं, तूच सांग.
"आठवडा सरला न्हवं?"
हो म्हणवेना. नाही म्हणायचंही धाडस झालं नाही. तिच्याशेजारी बसले, सूप ओढलं. ती जरा सरकली. बाकीच्या तिघी दारात, कोण काय सांगतंय याची वाट बघत.