शेपटातली छत्री

वारंगा फाटा,
एप्रिल २००४

प्रिय अमृत,

परवा सीमाचा फोन आला होता. तुझ्या लेकीचा आवाज ऐकूनच कळलं की पोरगी थकली आहे. म्हणाली, लकवा झाल्यापासून बाबा भिंतीकडे तोंड करून बसतात. उजव्या हाताला व्यायाम म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, तो तू डाव्या हातानं खिडकीबाहेर फेकलास म्हणे. आणि वर म्हणालास, जन्मभर फडक्यांच्या घड्याच तर घातल्या, त्या हातावाचून कुणाचं काय अडलंय? मला आधी तुझा रागच आला. नाशिकला येऊन तुझ्याशी चांगलं भांडावं असं मनात होतं, पण आधी आमच्या विमानाची हकिकत ऐक. सुरुवात तूच केलीस, दिवाळीत तो खेळण्यातलं विमान उडवायचा रिमोटचा रेडिओ पाठवून.

तुला माहीत आहे, गावात मला पायलट म्हणतात. एअरफोर्समध्ये होता म्हणजे पायलटच, यापुढे कुणी ऐकून घेत नाही. एकट्या आईला ते कधी पटलं नाही. मी रजेवर आलो की माझी बोटं हातात घेऊन बघायची. दोरांनी कापलेली, चरे पडलेली. ‘पायलटची बोटं अशी असतेत व्हय? खरं सांग मल्हारी, तू तिथं काय करून राहिलास?’ मी सांगायचो, विमान उतरलं की त्याच्या शेपटातून एक छत्री उघडते, विमानाला मागं ओढून धरते, ती छत्री आम्ही भरतो. तिला वाटायचं, पोरगं काहीतरी लपवतंय. आता तिची नजर उतरत चालली आहे. म्हटलं, दिसतंय तोवर दाखवू या.

म्हणून आपल्या मिगचं खेळण्याएवढं विमानच करायला घेतलं. फाट्यावरच्या टीव्हीच्या दुकानातून खोक्यांतला थर्मोकोल आणला, तापलेल्या तारेनं कापला. वरून खाकी कागद चिकटवला, तो आईच्या चिंचोक्याच्या खळीनं. आमच्याकडं घोंगडीला देतात तीच खळ. वाळल्यावर कागद असा ताणून बसला की टिचकी मारली तर हलगी वाजावी. खऱ्या जेटचं इंजिन कुठलं आणणार? पुण्याहून छोटं इंजिन मागवलं, नाकात पंखा बसवला. शेपूट मात्र छत्रीसाठी मोकळं ठेवलं. त्या इंजिनाच्या तेलात एरंडेल असतं. वास आला तशी आई म्हणाली, ‘इमानाचं पोट साफ करून राहिला काय?’ बायकोनं, दीपमालानं, तिच्या जुन्या लाल ओढणीची छत्री शिवून दिली, आपल्या छत्रीसारखीच, क्रूसाच्या आकाराची. दिवसभर ब्लाउज शिवून दमलेली असते, पण दोऱ्या तिनं एकसारख्या मोजून लावल्या.

धावपट्टीचं विचारशील. प्रभूनं, माझ्या भावानं, मेंढ्या खतासाठी पाटलांच्या रानात बसवल्या होत्या. कळपानं तुडवून तुडवून जमीन अशी सपाट केली की आपल्या तळाची आठवण यावी. पहिल्यांदा उडवलं तेव्हा निम्मं गाव जमलेलं. मी गप्पा मारत, हसत, छत्री कोंबली शेपटात. विमान सुरेख उडालं, सुरेख उतरलं, आणि छत्री बाहेर आली ती गाठोडं होऊन. विमान सरळ बोरीच्या झुडपात. लोक हसले. मला मात्र तू दिसलास, कमरेवर हात ठेवून उभा. घडी घालताना बोलायचं नाही, असं म्हणून माझ्या हातातून कापड ओढून घेणारा. आठवतं? नवा होतो, हिंदी कळत नव्हती, पळून यायच्या बेतात होतो. रडत रडत ‘काहून आलो इथं’ म्हणालो, आणि घडीच्या टेबलापलीकडून तू ओरडलास, ‘अरे, हे तर आपल्याकडचं लेकरू हाय!’ वसमतचा तू तिथं भेटला नसतास तर मी आज प्रभूच्या मेंढ्यांमागं काठी घेऊन फिरत असतो. ते उपकार मी कधी तोंडानं बोललो नाही. आज बोलतो.

पंख दुरुस्त केला आणि परवाच्या रविवारी पुन्हा गेलो. या वेळी तुझ्या पद्धतीनं, तोंड बंद ठेवून घडी घातली. आईला अगदी जवळ बसवलं. विमान टेकलं, मी कळ दाबली, आणि लाल छत्री फट्कन फुलली. विमान आईच्या पुढ्यात येऊन उभं राहिलं. ती उठली, छत्री हातात घेतली, चाचपत राहिली. मग म्हणाली, ‘म्हंजी वर जाणारी पोरं दुसऱ्याची, आन त्यायला माघारी आणून थांबवणारे तुमी. त्यायच्या मायांना तुमची नावं ठावं हायेत का?’ मी म्हटलं, न्हाई. ‘मंग त्यायच्या वतीनं मीच सांगते. लई चांगलं केलं लेकरांनो. आन त्या वसमतच्या लेकराला बी कळव.’ मला रडू आवरलं नाही, अमृत. भर रानात, लोकांसमोर.

तर कळवलं. सीमाला सांगितलं आहे, हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव. पाकिटात ती लाल छत्री आहे. मुद्दाम चोळामोळा करून पाठवली आहे. तिची घडी घाल, उजव्या हातानं. डावा नुसता धरायला. पहिल्या दहा घड्या वाकड्या येतील, माझ्याही आल्या होत्या, आणि तू प्रत्येक सोडून परत घालायला लावलीस. घाई नाही. जमेल तेव्हा पोस्टानं पाठव. तोवर विमान खुंटीला टांगलंय, आणि आई रोज विचारत राहणार, वसमतवाल्याची छत्री आली का?

तुझ्याच टेबलाचा,
तुझाच,
मल्हारी