नव्या मॅडमच्या नाकावर टिच्चून केलेला प्रयोग

३ ऑगस्ट
भर वर्गात अपमान. एकोणीस वर्षं शिकवतोय की अभिक्रियेची ऑर्डर, म्हणजे पदार्थ वाढवला की वेग किती पटीने वाढतो ते, समीकरणात बघून सांगता येते. पदार्थामागे आकडा दोन, तर ऑर्डर दोन. मागच्या बाकावर बसलेली नवी मॅडम उठून म्हणाली, सर, ऑर्डर समीकरणावरून नाही कळत, प्रयोग करूनच काढावी लागते. हेडसर नेमके दारात. वरचा वर्ग पुढच्या वर्षी माझ्याकडे राहणार की तिला मिळणार, ते याच महिन्यात ठरतंय. सोडणार नाही हिला.

४ ऑगस्ट, सकाळी ७
सूड ठरला. प्रयोग पाहिजे ना? घे! कागदावर काळी फुली, तिच्यावर फ्लास्क, फ्लास्कात थायोसल्फेट, वरून ॲसिड. मिश्रण दुधाळ होत जातं, फुली दिसेनाशी होते. तेवढा वेळ मोजायचा. समीकरणात ॲसिडमागे दोन आहे, म्हणजे ॲसिड दुप्पट तीव्र केलं की वेग चौपट. नेहमीचे ४८ सेकंद, आता १२ लागणार. हेडसरांना १४ तारखेचं आमंत्रण देऊन टाकलं. तालमीची गरज नाही.

५ ऑगस्ट
गरज नव्हती, तरी केली. दुप्पट ॲसिड, ४८ सेकंद. स्टॉपवॉच खराब.

६ ऑगस्ट
नवं स्टॉपवॉच. ४७. ॲसिड जुनं असणार. लॅब असिस्टंट म्हणाला, बाटली कालच नवी उघडली. हा फितूर आहे. याचंही नंतर बघून घेईन.

८ ऑगस्ट
थायोसल्फेट दुप्पट केलं. २४ सेकंद! समीकरणात त्याच्यामागे एकच आहे, वेग दुप्पट. तंतोतंत माझा नियम. म्हणजे मी निम्मा जिंकलोय. उरलेला निम्मा ॲसिडच्या हट्टीपणामुळे अडलाय.

१० ऑगस्ट
युक्ती सुचली. फुली पेन्सिलीने पुसट काढली. दुप्पट ॲसिड, ३१ सेकंद! एकटाच नाचलो. मग उगाच साधं ॲसिड घालून पाहिलं. ३१. हा प्रामाणिकपणा मला एक दिवस खड्ड्यात घालणार.

११ ऑगस्ट
मॅडम लॅबमध्ये आली. रीडिंगची वही बघायला मागितली. किती नेटकं काम आहे सर, म्हणाली. घाबरलीय. मुद्दाम दिली वही, शत्रूला धास्ती बसलेली बरी.

१४ ऑगस्ट
सगळ्यांसमोर ॲसिड एकदम चौपट केलं. ४८ सेकंद. मुलं फुलीकडे, हेडसर माझ्याकडे.

मग ती माझी वही घेऊन उठली. म्हणाली, बघा, ॲसिड कितीही वाढवा, वेग तोच, म्हणजे ॲसिडची ऑर्डर शून्य. सरांनी दहा दिवस खपून हे तुमच्यासाठी सिद्ध केलं. टाळ्या. फितुराच्या सगळ्यात जोरात. तिने माझे आभार मानले, तेही मनापासून. याचा सूड कसा घ्यायचा असतो?

वरचा वर्ग तिला. हेडसरांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

घरी आल्यावर बायकोजवळ कबूल केलं, एकोणीस वर्षं मुलांना चुकीचं शिकवलं मी. फार लागलंय मनाला.

ती म्हणाली, लावून घेऊ नका, कोणी ऐकत नसणार.